मागचं डावं चाक

ममता: नाही, तू हात लावून पाह्य. मी सांगून नाही राह्यली, तू सोता हात लावून पाह्य.

रवी: पाह्यलं ना ताई. सकाऊनपासून पाहूनच राह्यलो.

ममता: मंग सांग, काय आहे हे?

रवी: चाक आहे.

ममता: चाक आहे! अन् रबर कुठं आहे त्याच्यावर? तार घुसली माह्या बोटात. हे रक्त दिसते का तुले? एक महिना नाही झाला मले चार नवे टायर टाकून. काल संध्याकाळी मी गाडी तुह्या गॅरेजात लावून गेली, तवा माही चाकं होती गाडीले. आज ही कोणाची लावेल आहेत?

रवी: भीमसिंगभाऊची.

ममता: कोण भीमसिंग?

रवी: कळंब रोडच्या तांड्यावरचा. टाटा मॅजिक नाही का चालवत, तांडा ते कळंब, कळंब ते बाभुळगाव? काळा गॉगल. तू पाह्यलं आहेस त्याले.

ममता: मले त्याचा गॉगल नाही पाहा लागत. माही चाकं कुठं आहेत ते सांग.

रवी: त्याच्या गाडीले आहेत.

ममता: अन् त्याची गाडी?

रवी: यवतमाळले, आरटीओत. पासिंगले गेली. सकाळी दहाचा नंबर होता. येईनच आता.

ममता: तीन वाजले, रवी.

रवी: म्हून तं म्हटलं, येईनच आता.

ममता: दात नको काढू! उद्या माही पासिंग आहे. सोमवारी शाळा उघडते. नऊ पोट्टे बसते माह्या गाडीत, तीन गावचे. यंदा शाळेनं साफ लिहून दिलं आहे, पासिंगचा कागद नसन तं गाडी गेटच्या आत येणार नाही. उद्याची तारीख गेली तं पुढची कवा भेटीन? अन् तवापर्यंत ते पोट्टे कोण नेईन? तू नेशीन खांद्यावर?

रवी: ऐक ना ताई. बाकी सारं रेडी केलं मी. खिडक्याच्या दांड्या टाइट केल्या, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या मारल्या, मागच्या दरवाज्याले ग्रीस भरलं, औषधाची पेटी, आग विझवायचा सिलिंडर, सारं जागच्या जागी. पिवळ्या रंगावर कपडा मारला. नवरीवाणी दिसते गाडी.

ममता: नवरीच्या पायात फाटकी चप्पल घातली अन् म्हणते नवरी! कोणाले इचारलं तुनं?

रवी: तुले कायले इचारा लागते? आपल्या घरची गाडी.

ममता: गाडी तुह्या घरची नाही, माही आहे. लायसन माहं, परमिट माह्या नावाचं, पोट्ट्यायच्या आया मले फोन करते. अन् चाकं म्हंजे काय पंगतीची भांडी आहेत, या दारातून त्या दारात फिरवाले?

रवी: भांडीच आहेत म्हण. हे काही मी आज काढलं नाही, ताई. स्टँडवरच्या कोण्याही मॅजिकवाल्याले इचार. एकाची चाकं चांगली असली का तो सेट सगळ्याईच्या गाड्याले लागते. आज याची पासिंग, उद्या त्याची. पास झाली का चाकं काढाची अन् पुढच्याले द्याची. दोघाईच्या गाड्या मॅजिक, माप एकच, अर्ध्या घंट्याचं काम. कोणी कोणाले नाही म्हणत नाही.

ममता: अन् पास झाल्यावर?

रवी: काय पास झाल्यावर?

ममता: पास झाल्यावर गाडी कोणत्या चाकावर चालते?

रवी: ज्याच्या त्याच्या.

ममता: म्हंजे असल्या!

रवी: आता सगळ्याईची चांगली असती तं सेट फिरवाले कोणाले हौस आहे?

ममता: अन् साहेबाले काही दिसत नाही?

रवी: साहेब बरोबर पाह्यते. खाली वाकून, टायरच्या खाचात खिळा घालून पाह्यते. पण चाक कोणाचं आहे हे काही चाकावर लिहेल राह्यते का? 

ममता: वा! म्हंजे साहेबाले खोटं दाखवाचं, अन् खरं पोट्ट्यायच्या बुडाखाली लावाचं. असे लोक असते म्हून माणसं मरते रस्त्यावर. मी त्या बबनरावले सोडलं नाही, तुले सोडीन असं वाटते का तुले?

रवी: बबनरावचं कायले काढतं आता?

ममता: काहून नाही काढू? घर बांधाले गिट्टी आणली अन् अर्धी रस्त्यावर. नाल्यापाशी माही गाडी घसरली, नऊ पोट्टे आत. भर ग्रामसभेत हात जोडायले लावले मी त्याले. सत्तर वर्षाचा माणूस, मी नाही पाह्यलं वय. पोट्ट्यायच्या जिवापुढं कोणाचं वय पाहाचं? आता पाह्य जाऊन, माही गाडी यायच्या आंधी, रोज साडेसहाले, खराटा घेऊन घरासमोरचा रस्ता झाडते. साल होत आलं. एक दिवस चुकला नाही. असा धाक पाह्यजे.

रवी: पाह्यलं आहे मी. झाडते.

ममता: मंग? फोन लाव त्या भीमसिंगले.

रवी: लावला. बंद सांगते.

ममता: अजून लाव.

रवी: बंदच आहे.

ममता: झालं मंग. गेली माही चाकं. तांड्यावर गेलेली वस्तू कवा परत येते का?

रवी: ताई.

ममता: काय ताई?

रवी: हे नको बोलू. आपल्या वस्तीबद्दल कोणी असं बोललं तं तू त्याचं डोकं फोडशीन.

ममता: बरं. चुकलं. नाही बोलत. पण चाकं तं माही आहेत ना? मी बोलू कोणाले मंग?

रवी: मले बोल.

ममता: तुलेच तं बोलून राह्यली घंटाभरापासून! तुले काही लागूनच नाही राह्यलं.

रवी: थांब, हॉर्न वाजला. तोच आहे. म्हटलं नोतं, येईन? या भीमसिंगभाऊ, या लवकर.

भीमसिंग: जय भीम, रवी. जय भीम, बाई. झाली गा पास! एका झटक्यात झाली. घ्या, आंधी पेढा घ्या. ही तुही बहीण का रवी, शाळेच्या गाडीवाली? बाई, तुमचे लय उपकार झाले. साहेब खाली वाकला, खिळा घालून पाह्यला अन् म्हणे, गाडी जपता तुम्ही. बारा साल झाले मले गाडी चालवून, असं कोणी म्हटलं नोतं.

ममता: ते तुम्हाले नाही म्हटलं, भाऊ. मले म्हटलं.

भीमसिंग: मंग तुम्हीच आंधी खा पेढा.

ममता: पेढा ठेवा तो. यवतमाळ ते बाभुळगाव पाच घंट्याचा रस्ता आहे का? फोन काहून बंद?

भीमसिंग: बॅटरी उतरली. आताच गाडीत चार्जिंगले लावला. अन् उशीर म्हणान तं, पास झाल्यावर कळंबले गेलो. चिंतामणी गणपतीले नारळ फोडलं. याडी, माही माय, होती संग, तिनं नवस बोलला होता पासिंगचा. तांड्याच्या बाया होत्या, त्यायचा बाजार होता.

ममता: म्हंजे माह्या चाकावर सीटा भरून फिरले तुम्ही?

भीमसिंग: सीटा कायच्या, घरचेच माणसं. दहा जण.

ममता: दहा! अन् त्या कुठं आहेत आता?

भीमसिंग: कळंबच्या स्टँडवर बसेल आहेत. रवी, लवकर कर गा. चाकं बदलून दे, मी जातो त्यायले घ्याले. याडीचे गुडघे दुखते, उन्हात बसली आहे.

ममता: कोणती चाकं बदलून?

भीमसिंग: ही तुमची तुम्हाले. ती माही मले.

ममता: ही? ही तार निघालेली? ह्याच्यावर दहा माणसं आणसान तुम्ही?

भीमसिंग: रोजच आणतो, बाई.

ममता: रोज आणते म्हणे! तोंड वर करून सांगून राह्यले. आईले बसवसान ह्याच्यावर?

भीमसिंग: पास झाली ना गाडी. काचावर कागद पाहा. पुढच्या जूनपर्यंत.

ममता: माही चाकं पास झाली, भाऊ. तुमची गाडी नाही झाली.

भीमसिंग: रवी, चाबी दे गा गाडीची. गाडीलेच लावेल होती.

ममता: चाबी माह्याजवळ आहे. तुम्ही बोलत होते तवाच काढली अन् गाडी लॉक केली.

भीमसिंग: द्या बाई.

ममता: नाही देत. करा काय कराचं ते. पोलिसाले बोलवा, मीच सांगते त्यायले सारं.

भीमसिंग: पोलिसाले कायले? मी चोर आहे का? मी तुमची वस्तू नेली, वेळेवर नाही आणली, हे चुकलं माहं, कान धरतो. पण चाबी काढून घ्याची? बारा साल झाले स्टेरिंग धरून, एका माणसाले खरचटलं नाही माह्या गाडीत. पाण्यापावसाचा हळू चालवतो, उताराले गेर बदलून चालवतो. तुम्ही मले चाक शिकवता? नवे टायर टाकाले मले काय नको वाटते? अन् एवढाच राग होता, तं गेल्या साली काहून नाही बोलल्या?

ममता: गेल्या साली काय?

भीमसिंग: गेल्या साली माही चाकं चांगली होती. तुमची गाडी माह्याच चाकावर पास झाली ना. दोन दिवस माही गाडी इथं विटावर उभी होती. मी बोललो का काही? उलट रवीले म्हटलं, बाईमाणूस नवीनच गाडी चालवते, ने बाबा.

रवी: भीमसिंगभाऊ, पेढा द्या बरं मले एक.

ममता: थांब. पेढा नको खाऊ. काय म्हणते हा माणूस?

रवी: काही नाही ताई, जुनी गोष्ट आहे.

ममता: गेल्या जूनात मी गाडी तुह्यापाशी सोडली. तू सोता नेली पासिंगले. येऊन म्हटलं, ताई, पहिल्या झटक्यात पास, साहेबानं काही काढलंच नाही. म्हटलं का नाही?

रवी: म्हटलं.

ममता: मी वस्तीत साखर वाटली. सगळ्या आयाईले सांगतलं, माह्या गाडीत काही खोट नाही, डोळे झाकून पाठवा. अन् ती ह्या भाऊच्या चाकावर पास झालती?

रवी: तवा तुही हालत काय होती ते आठव ना. भाऊजी वणीले कोळशाच्या ट्रकवर गेले, गाडी तुह्या गळ्यात पडली. तुले रिव्हर्स घेता येत नोता. रोज रडत होती. त्याच्यात अजून म्हणू, टायर बदल? म्हटलं, कायले सांगा. सगळेच करते.

ममता: पास झाल्यावर माह्या गाडीले कोणती चाकं लावली?

रवी: तुहीच. जुनी.

ममता: कशी होती?

रवी: होती ना. चालण्यासारखी.

ममता: रवी.

रवी: तीन चालण्यासारखी होती.

ममता: अन् चौथं?

रवी: चौथ्याची तार दिसत होती. थोडीशीच.

ममता: कोणतं चौथं?

रवी: जाऊ दे ना, साल होऊन गेलं.

ममता: कोणतं म्हणते मी!

रवी: मागचं. डावं.

भीमसिंग: काय झालं, बाई? बसा, बसा खाली. रवी, पाणी आण गा.

ममता: नाही, नको पाणी. माह्यासंग बोला तुम्ही, भाऊ. तुम्ही बारा साल चालवलं, तुम्हाले समजते. गेल्या ऑगस्टात माही गाडी घसरली. नाल्याच्या अलीकडं, बबनरावच्या घरासमोर. समोरून नाही, मागून घसरली. डाव्या हाताले. बाभळीनं अडवली म्हून, नाही तं नाल्यातच गेलो असतो. माही पोरगी पायल समोर बसेल होती माह्यापाशी. संघर्ष नावाचा पोट्टा आहे, त्याचे समोरचे दोन दात तुटले. मी खाली उतरली अन् मले रस्त्यावर गिट्टी दिसली. एक-दोन टोपले असन, जास्त नाही. मी चाकाकडं पाह्यलंच नाही. मले गिट्टी दिसली अन् माहं डोकंच फिरलं. आता तुम्ही सांगा, नवं चाक असतं तं घसरली असती का?

भीमसिंग: पाणी होतं रस्त्यावर?

ममता: नोतं. वाळेल होता.

भीमसिंग: जोरात होत्या तुम्ही?

ममता: नऊ पोट्टे बसवून जोरात? तवा मले तिसरा गेर टाकाचीच भीती वाटे.

भीमसिंग: मंग नसती घसरली, बाई. एवढ्याशा गिट्टीनं नसती घसरली.

ममता: ऐकलं रवी? 

रवी: ऐकलं.

ममता: तुले तर ऐकाचीही गरज नोती. तुले माहीतच होतं! ग्रामसभेत तू माह्या मागं उभा होता. मी त्या म्हाताऱ्याले काय काय बोलली, तू ऐकत होता. म्हटलं, तुमच्या घराच्या भिंती आमच्या पोट्ट्यायच्या रक्तानं बांधता का. असं बोलली मी! अन् तुनं टाळी वाजवली. तुनं आंधी वाजवली, मंग बाकीच्यायनं वाजवली.

रवी: मले वाटलं, तू इतकी तापेल आहेस, आता मधात बोललो तं...

ममता: तं काय? मी तुले मारलं असतं. मारलं असतं तं मारलं असतं! त्यानं हात जोडले तवा तरी तोंड उघडाचं होतं. म्हणे, पोरी, माह्यामुळं झालं. त्याच्यामुळं झालंच नोतं, अन् तो हाव म्हणे. त्याले वाटलं, पोट्ट्याचे दात तुटले, तं कोणाचं तरी चुकलं असन. अन् ज्याचं चुकलं तो माह्या मागं उभा राहून टाळ्या पिटे! तू रोज त्याच रस्त्यानं येतं ना गॅरेजात? त्याले झाडताना पाह्यतं ना?

रवी: पाह्यत होतो.

ममता: कसं पाहवते तुले?

रवी: नाही पाहवत. म्हून मी आठ महिन्यापासून नाल्याकडून येतच नाही. फिरून येतो, बाभुळगावच्या जुन्या रस्त्यानं.

ममता: वा रे वा! तू रस्ता बदलला. पण चाकाचा धंदा नाही बदलला. यंदाही तेच. अन् मी? मी वरून धाक म्हणते. आताच म्हटलं तुले, असा धाक पाह्यजे.

भीमसिंग: रवी.

रवी: काय भाऊ?

भीमसिंग: बाईची चाकं काढ माह्या गाडीची अन् त्यायच्या गाडीले लाव. नट चांगले आवळजो. उद्या पासिंग आहे त्यायची.

रवी: अन् तुमची?

भीमसिंग: माही गाडी विटावर घे.

रवी: अन् याडी? दहा माणसं बसेल आहेत ना स्टँडवर.

भीमसिंग: एसटीनं येईन. थांब, तुहा फोन दे गा, लावून पाह्यतो. हॅलो, याडी? हाव, मीच. एसटीनं ये तू, बायायले घेऊन. हाव, पास झाली ना, तुह्यासमोरच तं झाली. नाही, चालत नाही गाडी. फाट्यावर उतर, मी येतो पायी तुले घ्याले. हाव, हळूहळू जाऊ. नाही, कोणी काही म्हटलं नाही मले. ठेव.

ममता: काय म्हणते आई?

भीमसिंग: म्हणते, पास झालेली गाडी चालत कशी नाही?

ममता: बरोबर इचारते.

भीमसिंग: घरी गेल्यावर अजून इचारीन. ते नारळही परत मागीन मले आता.

ममता: रवी, हे चारही टायर काप. आत्ता, माह्यासमोर. इथं पडून राह्यले तं उद्या कोणाच्या तरी गाडीखाली दिसतीन मले.

रवी: भाऊची वस्तू आहे, त्यायले इचार.

भीमसिंग: काप गा. घरी नेले तं माहंही मन होईन. अन् बाई, आता तरी चाबी द्या. गाडीत फोन आहे, गॉगल आहे.

ममता: घ्या. रागाच्या भरात जास्त बोलली मी तुम्हाले. तुम्ही यायच्या आंधीही बोलली होती, तुम्ही ऐकलं नाही ते.

भीमसिंग: जे ऐकलं तेच पुष्कळ होतं, बाई.

रवी: ताई, मले पण बोल ना काही. अशी चूप नको राहू.

ममता: तुले बोलून काय होते? तू रस्ता बदलून घेते. सोमवारी तू माह्या गाडीत बसाचं, समोर. नाल्याकडूनच जाऊ. आता फोन कराले दे मले.

(ममता दोन पावलं बाजूले जाऊन नंबर लावते.)

ममता: हॅलो, बबनरावकाका का? मी ममता बोलून राह्यली, शाळेच्या गाडीवाली... नाही, नाही काका, तक्रार नाही काही... हाव, सोमवारी उघडते शाळा... मले माहीत आहे, एक खडा नाही आता तिथं. ऐका ना माहं. गेल्या साली माही गाडी घसरली ना, ती तुमच्या गिट्टीनं नोती घसरली. चाक खराब होतं माहं... हाव, माहंच... आज समजलं. आता ग्रामसभा होईन तवा मी उभी राहून सांगते सगळ्यायसमोर, हात मी जोडते... काका? आहे का तुम्ही?... हाव, दात आले संघर्षचे, दोन्ही आले... नाही काका, सोमवारी खराटा नका घेऊ. रस्ता चांगला आहे. तवाही चांगलाच होता.